काकवी, काठी आणि उसना हशा

किराणा दुकानात एक गिऱ्हाईक येतं. डोक्यावर चपटी टोपी, चेहरा मख्ख. त्याला काकवी हवी असते. दुकानदार बादली भरून देतो आणि पैसे मागतो. तेव्हा कळतं की नाणं बादलीतच टाकलेलं होतं आणि आता ते काकवीच्या तळाशी गेलंय. दुकानदार गिऱ्हाइकाचीच टोपी मागून घेतो, काकवी तिच्यात ओततो, नाणं काढतो, काकवी परत बादलीत रिकामी करतो आणि टोपी अदबीनं परत देतो. टोपी डोक्यावर जाते ती निघत नाही. मग काकवी जमिनीवर सांडते, पाय चिकटतो आणि तो सोडवायला किटलीतलं गरम पाणी येतं.

हा प्रसंग पहिल्यांदा १९१७ साली चित्रित झाला, रॉस्को आर्बकलच्या ‘द बुचर बॉय’ या छोट्या मूकपटात. गिऱ्हाईक होता बस्टर कीटन, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. दुसऱ्यांदा तो झाला डिसेंबर १९४९ मध्ये, ‘द एड विन शो’ या अमेरिकी टीव्हीवरच्या कार्यक्रमात. कीटन चोपन्न वर्षांचा झाला होता आणि समोर दुकानदार म्हणून एड विन होता. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून तेव्हा जशा प्रती काढत, तशी या भागाची धुरकट प्रत आजही पाहायला मिळते. कीटन आपटतो तसाच, पण एक फरक कानाला लगेच जाणवतो. १९१७ च्या रिळात हशा नाही. १९४९ च्या प्रतीत तो आहे, आणि कीटन त्याच्यासाठी थांबतो.

टीव्हीवरच्या नाच-गाणी-प्रहसनांच्या मिश्र कार्यक्रमांनी, म्हणजे तिकडे ज्यांना व्हरायटी शो म्हणतात त्यांनी, मूकपटांतल्या विनोदवीरांना वाहिलेल्या आदरांजलीवर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं उलटसुलट लिहिलं जातंय. त्या लिखाणात नेमकं काय म्हटलं गेलं आणि काय सुटलं, ते इथे पाहायचं आहे.

जुनी रिळं, नवा पडदा

‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट १९२७ साली आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मूकपटांचा धंदा संपला. चॅप्लिन स्वतःच्या पैशावर १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’पर्यंत हट्टानं जवळजवळ मुकाच राहिला. बाकीच्यांना ती चैन परवडणारी नव्हती. एका पिढीला हे विनोदवीर ऐकूनच माहीत राहिले. ५ सप्टेंबर १९४९ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात जेम्स एजीचा दीर्घ लेख आला. त्यानं चॅप्लिन, कीटन, हॅरल्ड लॉइड आणि हॅरी लँग्डन या चौघांना एका रांगेत बसवलं आणि बोलपटांनी शरीराची भाषा घालवली, अशी तक्रार मांडली. लेखाच्या सुरुवातीलाच त्यानं हशाच्या चार पायऱ्या लावल्या होत्या, ओठांतल्या खुदखुदीपासून जीव घेणाऱ्या हास्यापर्यंत. या चार पायऱ्या पुढे लागतील.

त्याच सुमारास टीव्ही घराघरांत शिरत होता आणि त्याला रोज रात्री काहीतरी दाखवायला हवं होतं. नाटक-सर्कसच्या फिरत्या कार्यक्रमांत, वॉडव्हिलमध्ये, वाढलेली माणसं मोकळीच होती. चॅप्लिन लंडनमधल्या फ्रेड कार्नोच्या कंपनीतला, कीटन आईबापांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर आपटला जाणारा, आणि एड विनही त्याच मुशीतला. त्यामुळे टीव्हीनं मूकपटाला सलाम केला असं म्हणताना जरा सांभाळून बोलावं लागतं. बऱ्याचदा दोघांनी एकाच आजोबाचा वारसा वेगवेगळ्या वाटेनं घेतलेला होता. पडद्यामागचे दुवेही होतेच. ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका तीन फिल्म कॅमेऱ्यांनी प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची, आणि तिचा छायालेखक कार्ल फ्रॉइंड हा ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाचा माणूस. तिची नायिका लूसिल बॉल हिला वस्तू हाताळायची शिस्त एमजीएम स्टुडिओत कीटननं लावली, हे तिनंच सांगितलेलं आहे.

टोपी कुणाची

‘युअर शो ऑफ शोज’ हा कार्यक्रम १९५० ते १९५४ या काळात एनबीसीवर दर शनिवारी दीड तास थेट चालायचा. सिड सीझर आणि इमोजीन कोका त्यात मूकपटांची विडंबनं करत. रेड स्केल्टनच्या कार्यक्रमात तर ‘सायलेंट स्पॉट’ नावाचा राखीव तुकडाच होता. गंमत म्हणजे एमजीएममध्ये स्केल्टनसाठी विनोदाच्या जागा शोधायला कीटन पगारावर होता, आणि स्केल्टनचा १९५० चा ‘वॉच द बर्डी’ हा कीटनच्याच १९२८ च्या ‘द कॅमेरामन’चा पुन्हा बेतलेला अवतार. हा सलाम होता की आधीच्या मालकाच्या घरात भाड्यानं राहणं, हे ठरवणं कठीण.

‘द डिक व्हॅन डाईक शो’च्या मार्च १९६३ मधल्या एका भागात व्हॅन डाईकनं स्टॅन लॉरेलची भूमिका केली, तीही लॉरेल हयात असताना. लॉरेल तेव्हा सांता मोनिकात राहायचा आणि त्याचा फोन नंबर चक्क टेलिफोन डिरेक्टरीत होता. भाग प्रसारित झाल्यावर व्हॅन डाईकनं फोन केला. छान झालं म्हणून झाल्यावर लॉरेलनं बराच वेळ एकेक चूक दाखवली, अगदी टोपीच्या काठाच्या आकारापर्यंत. ही हकीकत व्हॅन डाईकनं पुढे अनेकदा सांगितली. नकलेची इतकी बारीक तपासणी करायला मूळ मालकच जागेवर असावा, असं फार क्वचित घडतं.

लॉरेल फेब्रुवारी १९६५ मध्ये गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीबीएसनं व्हॅन डाईकच्या सूत्रसंचालनाखाली त्याला सलाम म्हणून एक तासाचा कार्यक्रम केला. लूसिल बॉल, डॅनी के, फिल सिल्व्हर्स असे बडे पाहुणे त्यात होते. लॉरेलच्या चाहत्यांची कुरकुर अशी की या भाऊगर्दीत लॉरेलच कमी पडला. त्यातला कीटन, बॉल आणि हार्वी कॉर्मन यांचा बागेतल्या बाकाभोवतीचा मूक तुकडा मात्र आजही पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्यात लॉरेलचं काहीच नाही. कीटन स्वतःचंच काम करतो आणि ते लॉरेलच्या नावानं करतो. मला हा त्या कार्यक्रमातला सगळ्यात खरा सलाम वाटतो.

तिरकं टेबल

इथे समीक्षकांत पहिला मतभेद दिसतो. एक बाजू म्हणते, मूक विनोदाचा आत्मा अंगात आहे, म्हणून सलामही अंगानंच व्हायला हवा. पडणं, सावरणं, चालणं. टोपी-मिशी-काठी हे केवळ ओळखपत्र. दुसरी बाजू म्हणते, कीटनसारख्यांचं खरं काम कॅमेऱ्याशी होतं. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये १९२४ साली तो पडद्यावरच्या चित्रात शिरतो आणि मागची दृश्यं बदलत जातात. तो विनोद अंगाचा जितका, तितकाच यंत्राचा. म्हणून त्याचा वारस तोच, जो टीव्हीच्या यंत्राशी तसाच खेळला.

या दुसऱ्या बाजूचा हुकमी पुरावा म्हणजे अर्नी कोव्हॅक्स. १९ जानेवारी १९५७ ला त्यानं एनबीसीवर अर्ध्या तासाचा जवळजवळ शब्दाविना कार्यक्रम केला. त्यात युजीन नावाचा एक गरीब बापडा टेबलाशी डबा उघडतो. ऑलिव्ह ठेवले की ते घरंगळत टेबलाच्या टोकाला जातात. थर्मासमधून दूध ओततो तर धार पेल्याच्या बाजूनं तिरकी पडते. युक्ती साधी होती. सगळा देखावा कलता बांधलेला आणि कॅमेराही तेवढ्याच कोनात कललेला, त्यामुळे पडद्यावर टेबल सरळ दिसतं आणि गुरुत्वाकर्षणच बिघडल्यासारखं वाटतं. यात चॅप्लिनची काठी नाही, कीटनची टोपी नाही. तरी मूकपटांचे अभ्यासक कोव्हॅक्सला आपल्यातलाच मानतात. पहिल्या बाजूचं उत्तर असं की मग याला सलाम म्हणायचंच कशाला? कोव्हॅक्सनं कुणाला हात जोडले नाहीत, त्यानं स्वतःचा शोध लावला. वाद इथे अडतो, कारण ‘सलाम’ या शब्दात हेतू धरायचा की परिणाम, यावर एकमत नाही.

वेगाचं भांडण

सगळ्यात तांत्रिक आणि तरी सगळ्यात तापलेला वाद वेगाचा. मूकपटांचे कॅमेरे हातानं फिरवत. सेकंदाला सोळापासून विशीच्या पुढपर्यंत कितीही चित्रं घेतली जात. बोलपट आल्यावर चोवीसचा ठराव पक्का झाला. सोळाच्या वेगानं घेतलेलं रीळ चोवीसनं चालवलं की माणसं दीडपट वेगानं हलतात. पन्नाशीच्या दशकात टीव्हीनं जुनी रिळं अशीच दाखवली, आणि एका पिढीच्या मनात पक्कं बसलं की मूकपटात माणसं तुरुतुरु पळतात.

ब्रिटनमध्ये बेनी हिलनं नेमकं हेच उचललं. १९६९ ते १९८९ ही वीस वर्षं थेम्स टेलिव्हिजनवर त्याच्या कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे: वेग वाढवलेला पाठलाग आणि त्यावर सॅक्सोफोनवरचं ‘याकेटी सॅक्स’. आक्षेप घेणारे म्हणतात, हा मूकपटाला सलाम नाही, हा चुकीच्या प्रक्षेपणाला सलाम आहे. हिलनं मूळ कला न पाहता तिच्यावरचा ओरखडा पाहिला. पण कीस्टोन या मूकपट-स्टुडिओच्या पाठलागांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवला जायचा, म्हणजे तुरुतुरु पळणं त्यांनाही हवंच होतं. ‘साइट अँड साउंड’मधल्या १९८० च्या लेखात केविन ब्राउनलोनं दाखवून दिलं की एकच ‘बरोबर’ वेग असा कधी नव्हताच, आणि त्या काळातल्या थिएटरांतही रिळं घेतल्यापेक्षा वेगानं चालवली जात. या पुराव्यानंतर हिलवरची टीका पूर्वीइतकी ठणठणीत उरलेली नाही. बायकांच्या मागे धावण्याबद्दलची त्याच्यावरची टीका वेगळी, आणि ती तशीच उभी आहे.

शिवाय एक गोष्ट टीकाकारांना अडचणीची आहे. १९९१ साली हिल स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हे इथे चॅप्लिनच्या घरी गेला, तेव्हा चॅप्लिनच्या संग्रहात त्याला स्वतःच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ टेप सापडल्या. चॅप्लिनला त्यात काय दिसलं, ते तो लिहून ठेवून गेला नाही.

एरिक साइक्सचा ‘द प्लँक’ हा वेगळा धडा. लाकडाची एक फळी घेऊन दोघे गावभर फिरतात, एवढीच गोष्ट. १९६७ साली तो चित्रपट म्हणून आला आणि १९७९ मध्ये थेम्सनं टीव्हीसाठी पुन्हा केला. वेगाची चलाखी टाळून फळीच्या लांबीवर विनोद उभा केलेला. ‘मिस्टर बीन’ १९९० पासून. त्याची नाळ थेट मूकपटाशी की फ्रान्सच्या जाक तातीशी, यावर रोवन ॲटकिन्सननं स्वतःच तातीचं नाव घेतलेलं असल्यानं फार लांबण लावण्यात अर्थ नाही.

मालकी

आपल्या तमाशात बतावणीची एखादी जागा कुणाची, असा प्रश्न कुणी विचारत नाही. एका सोंगाड्यानं ती दुसऱ्याकडून उचललेली असते, आणि बरी जमली तर तीच दाद. वॉडव्हिलमध्येही तसंच होतं. आरशाचा प्रसंग पाहा. चौकटीत आरसा नाही, पलीकडे दुसरा माणूस उभा राहून हुबेहूब हालचाली करतो. हा खेळ १९१६ च्या चॅप्लिनच्या ‘द फ्लोअरवॉकर’मध्ये आहे, माक्स लँडेरच्या १९२१ च्या चित्रपटात आहे, मार्क्स बंधूंच्या १९३३ च्या ‘डक सूप’मध्ये आहे. मे १९५५ मध्ये ‘आय लव्ह लूसी’त लूसीनं तो खुद्द हार्पो मार्क्ससमोर केला. सलाम कुणाला गेला? पडद्यावर हार्पोला, मुळात लँडेरला की चॅप्लिनला, आणि त्याच्याही आधी निनावी रंगमंचाला.

चित्रपट हा मालकीचा धंदा झाल्यावर भांडणं कोर्टात गेली. चार्ल्स अमाडोर नावाचा नट ‘चार्ली ॲप्लिन’ या नावानं चॅप्लिनची हुबेहूब नक्कल करायचा. १९२८ साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मुख्य मुद्दा मिशीचा नव्हता, लोकांची फसवणूक होण्याचा होता. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं लॉरेल आणि हार्डी यांच्या प्रतिमेचा व्यापारी हक्क चित्रपटांच्या मालकांकडे न देता त्यांच्या विधवांकडे दिला. मार्क्स बंधूंच्या प्रकरणात मात्र १९८२ साली वरच्या कोर्टानं खालचा निकाल फिरवला. वारसांच्या बाजूचे म्हणतात, चेहरा ही आयुष्यभराची कमाई आहे. कलावंतांच्या बाजूचे म्हणतात, मेलेल्या माणसाच्या टोपीवर पहारा बसवला तर विडंबन आणि सलाम दोन्ही आटतील. मधल्या मध्ये १९८१ पासून आयबीएमनं रीतसर परवाना घेऊन चॅप्लिनचा भटक्या वैयक्तिक संगणक विकायला जाहिरातींत उतरवला. यंत्राच्या दातांत अडकलेला ‘मॉडर्न टाइम्स’चा माणूस यंत्र विकताना पाहणं काहींना बोचलं.

कायद्याच्या या गोष्टीत एक माणूस चिरडला गेला. क्लाइड ब्रुकमन. कीटनबरोबर ‘द जनरल’चा सहदिग्दर्शक, लॉइडसाठी लिहिलेला. पुढे त्यानं लॉइडच्या जुन्या जागा दुसऱ्या स्टुडिओंच्या चित्रपटांत पुन्हा वापरल्या, आणि लॉइडनं दावे लावले. ब्रुकमन पन्नाशीच्या दशकात टीव्हीवरच्या ‘ॲबट अँड कॉस्टेलो शो’साठी लिहीत होता, त्याच शिदोरीतून. १९५५ च्या जानेवारीत त्यानं आत्महत्या केली. नट जुनी जागा करतो तेव्हा तो सलाम, लेखक ती पुन्हा लिहितो तेव्हा ती चोरी, या हिशेबाचं समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

कीव की काम

कीटनच्या टीव्हीवरच्या वर्षांबद्दलही दोन तट आहेत. जुन्या चरित्रकारांची गोष्ट उताराची आहे: एमजीएमनं त्याचं स्वातंत्र्य घेतलं, दारूनं उरलेलं नेलं, आणि शेवटी तो टीव्हीवर पाहुणा म्हणून पाय आपटत राहिला. २०२२ साली आलेली जेम्स कर्टिस आणि डेना स्टीव्हन्स यांची पुस्तकं चित्र बदलतात. त्यांतला कीटन कामाला भुकेला आहे, जाहिराती करतो, ‘कँडिड कॅमेरा’त हॉटेलच्या काउंटरवर अनोळखी गिऱ्हाइकांच्या शेजारी बसून जेवणाची वाट लावतो, आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. १९६१ च्या ‘ट्वायलाइट झोन’मधल्या त्याच्या भागाची सुरुवात मूकपटासारखी पाट्यांनी होते. तो भाग कीव करत नाही, कीटनकडून काम करून घेतो.

सलाम नकोसाही असू शकतो, हे १ डिसेंबर १९५४ ला दिसलं. ‘दिस इज युअर लाइफ’नं लॉरेल आणि हार्डी यांना न सांगता थेट प्रसारणात गाठलं. दोघे अवघडलेले स्पष्ट दिसतात. एकेक विनोद घासूनपुसून करणाऱ्या लॉरेलला तालमीशिवाय, बिनमोबदल्याचं उभं राहणं आवडलं नव्हतं.

आपल्याकडे

मराठीत लॉरेल-हार्डी ‘जाड्या-रड्या’ झाले तेव्हाच ते आपले झाले. रणजित मूव्हीटोनमध्ये दीक्षित-घोरी ही जोडी त्याच धर्तीवर चालायची. भा. द. खेर यांच्या ‘हसरे दुःख’नं चॅप्लिन घरोघरी पोचवला, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा चॅप्लिन काठी फिरवत येतोच. कच्छमधल्या आदिपूरला १६ एप्रिलला चॅप्लिनच्या वाढदिवशी मिरवणूक निघते. पण टीव्हीवरच्या मराठी विनोदाचा जीव कोट्यांत आणि संवादांत आहे. ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमांत चित्रपटांची विडंबनं रंगली ती बोलण्यावर. आपल्याकडे सलाम बहुतेक वेळा वेशापर्यंत येऊन थांबतो.

हशा कुणाचा

या सगळ्या चर्चेत एका गोष्टीकडे हवं तितकं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. मूकपटाच्या रिळात हशा नसतो, तो थिएटरात बाहेरून येतो. त्यामुळे किती थांबायचं हे विनोदवीराला आधीच ताडावं लागे. लॉइड तर चित्रपट पूर्ण होण्याआधी तो प्रेक्षकांना दाखवून, कुठे किती हसतात ते पाहून पुन्हा कात्री लावायचा. वॉल्टर कर यानं १९७५ च्या ‘द सायलेंट क्लाउन्स’मध्ये या शांततेलाच विनोदाची मोकळीक म्हटलं आहे.

टीव्हीवरच्या सलामात हशा आतच असतो. कधी स्टुडिओतल्या माणसांचा, कधी चार्ली डग्लसच्या मुद्रित हशाच्या यंत्रातून पेरलेला. कोव्हॅक्सला दोन्ही नको होते, आणि त्याच्या तिरक्या टेबलाला आजही एक विचित्र एकटेपणा आहे. एड विनच्या दुकानात कीटन हशा ओसरेपर्यंत टोपीवर हात ठेवून उभा राहतो. १९१७ मध्ये ती जागा क्षणभराची होती, इथे ती ताणली जाते. एजीच्या चार पायऱ्यांपैकी कोणती आली हे आता नटालाच ऐकू येतं, आणि त्यावर तो पुढचं आपटणं बेततो. ही नवी कला की जुन्या कलेची मोडतोड, हे ठरवायला दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून सेकंद मोजावे लागतील.

१९७३ मध्ये ‘द कॅरल बर्नेट शो’त ग्लोरिया स्वान्सन पाहुणी म्हणून आली. चौऱ्याहत्तर वर्षांची. तिनं चॅप्लिनचा वेश केला आणि बर्नेटच्या नेहमीच्या झाडूवालीबरोबर मूक प्रहसन केलं. चॅप्लिनची नक्कल तिनं १९२४ च्या ‘मॅनहँडल्ड’मध्ये केली होती आणि १९५० च्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये, विस्मरणात गेलेल्या मूकपट-तारका नॉर्मा डेस्मंडच्या भूमिकेतही. बर्नेट आपल्या कार्यक्रमात त्याच नॉर्माचं विडंबन करायची. स्टुडिओत लोक भरपूर हसतात. त्यातला किती हशा चॅप्लिनचा, किती स्वान्सनचा आणि किती नॉर्माचा, हे त्या ध्वनिमुद्रणातून वेगळं काढता येत नाही.